मचव्यावरचा हिवाळा

दसरा उलटला की खामगावच्या हवेत रुई उडायला लागते. जिनांच्या भोंग्यांनी सकाळ होते, कापसाने शिगोशीग भरलेल्या बैलबंड्या रस्त्याच्या कडेला रांगेने उभ्या राहतात, आणि बंडीतून निसटलेला कापूस बाभळीच्या काट्यांना लटकत राहतो. वाळत घातलेल्या लुगड्यावर रुई, तुळशीच्या मंजिऱ्यांवर रुई, दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणावर रुई. माझी सून दिवसातून चारदा ओटा पुसते आणि कुरकुरते. ती रुई नाकाशी आली की मला ओल्या काथ्याचा आणि मिठाचा वास येतो. जिथल्या माणसांनी पूर आलेल्या नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही, अशा या गावात बसून मला दरवर्षी ऐन कापसाच्या हंगामात समुद्र आठवतो.

याला कारण तीच रुई.

माझं लग्न झालं तेव्हा हे खामगावच्या एका जिनात देखरेखीच्या कामावर होते. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव लिहायला माझा हात आजही अडतो, म्हणून 'हे' असंच म्हणते. घर मूळचं सोनाळ्याचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. चांगली काळी जमीन, बैलजोड्या, विहीर. पण मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, थोरल्या मुलाला शाळेत घातलं आणि तो पगाराच्या नोकरीला लागला याचा त्यांना कोण अभिमान. माझे वडील खामगावातच मराठी शाळेत मास्तर होते. त्यांना नोकरदार जावई मिळाला, मामाजींना वाचणारी सून मिळाली. दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं, त्यात आम्ही दोघं, सासूबाई आणि शिकायला ठेवलेले धाकटे दीर. एवढ्या जागेत नवराबायकोने एकमेकांशी काय बोलायचं? "पानी दे" आणि "जेवन झालं काय" एवढंच आमचं बोलणं. लग्नाला तीन वर्षं होत आली तरी ते हसतात कसे हे मी नीट पाहिलं नव्हतं.

खोकताना मात्र रोज पाहायची. जिनात सरकी एकीकडे पडते आणि रुई एकीकडे, पण रुईची बारीक धूळ कुठंच पडत नाही. ती माणसाच्या छातीत जाऊन बसते. हे घरी यायचे ते भुवया, मिशा, पापण्या पांढऱ्या होऊन. मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं हसू यायचं. तरणाताठा माणूस म्हातारा होऊन घरी येतो आणि तोंड धुतलं की पुन्हा तरणा होतो. मग पहिल्या हिवाळ्यात खोकला लागला. उन्हाळ्यात गेला. दुसऱ्या हिवाळ्यात आला तो गेलाच नाही. खोकून खोकून माणूस भिंतीला टेकायचा, कपाळावर घाम, आणि मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, "अजून क्षय नाही. पण हा हंगाम जिनात काढलात तर मी पुढचं काही सांगू शकत नाही. समुद्राच्या हवेवर जा. तीन-चार महिने तरी."

सोनाळ्याच्या माणसाला समुद्राच्या हवेवर जा म्हणणं म्हणजे चंद्रावर जा म्हणण्यासारखंच होतं. तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं. सरकार नागपूरचं, मुंबई म्हणजे परका इलाखा. तिथं आमचं कोण?

वाट दाखवली सदू फिटरने. हा यांच्याच जिनातला, इंजिनवर काम करणारा, मूळचा मालवणकडचा. इतकी वर्षं खामगावात राहून त्याची बोली अर्धी वऱ्हाडी झाली होती, पण समुद्राचं नाव निघालं की तो पुन्हा कोकणातला व्हायचा. आमच्या ओसरीवर बसून तो म्हणाला, "माझ्या मामाचो मचवो असा. दिवाळी झाली की मुंबईहून माल भरून खाली जाता. आगबोट जाणा नाय असल्या खाड्यांत फिरता, आणि शिमग्याला परत. त्याच्यावर बसा. खावा दर्याची हवा."

मामाजी सोनाळ्याहून आले ते तापलेलेच. "कापसाच्या हंगामात मानूस जिन सोडून जाते काय? आन सुनेले काऊन नेतं समिंदरावर?"

बोलल्या त्या सासूबाई. चुलीपुढून उठल्या, दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नेऊ द्या तिले. तिकडं तो खोकलला तं पानी कोन देईन?"

पाणी द्यायला म्हणून मी समुद्रावर गेले.

जलंबला गाडी बदलून आम्ही मुंबईला उतरलो. बंदरावर मचव्यांची, म्हणजे मालाच्या शिडाच्या नावांची, इतकी दाटी की डोलकाठ्यांचं रान उगवल्यासारखं दिसत होतं. अंतू तांडेल, म्हणजे सदूचे मामा, आपल्या मचव्यावर नवं धोतर नेसून उभे होते. तांडेल म्हणजे नावेचा मुख्य. उंच, वाळलेले, कानात बाळी. त्यांनी मचव्याचा मधला भाग धुऊन तिथं मोठी ताडपत्री अंथरली होती आणि शिडाच्या दोरीला आंब्याचा टहाळा बांधला होता. आम्ही दोघं ट्रंक आणि ज्वारीच्या पिठाचं पोतं घेऊन समोर उभे राहिलो, तरी त्यांची नजर आमच्या मागे काही शोधतच होती.

"बाकीचे खंय?" त्यांनी विचारलं.

"बाकीचे कोन?" हे म्हणाले.

"सदूचो निरोप इलो, वऱ्हाड येता म्हणान. न्हवरो खंय? न्हवरी खंय?"

खलाशी आमच्याकडे पाहत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आणि यांना एकदम उलगडा झाला. ते म्हणाले, "अजी, लग्नाचं वऱ्हाड नाही. आमी वऱ्हाडातले हावो!" आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खाली बसावं लागलं, पण खोकल्यातूनही ते हसतच होते. मी तांब्या शोधत होते आणि मनात म्हणत होते, अरे, हा माणूस असा हसतो तर! तांडेलांनी आंब्याचा टहाळा काढला नाही. म्हणाले, "रवांदे. जोडपा तर असा."

पहिले तीन दिवस मी मेल्यासारखी पडून होते. पोटात काही ठरेना. हे बरे आणि मीच आजारी. पाणी द्यायला मी आलेली, आणि हेच माझ्या तोंडाला तांब्या लावत होते. चौथ्या दिवशी डोळे उघडले तर डावीकडे किनारा चालला होता. हो, तेव्हा मला तसंच वाटलं. आम्ही एका जागी आहोत आणि नारळीची झाडं, लाल माती, काळे खडक, एखाद्या टेकाडावरचं पांढरं देऊळ हे सगळं सावकाश मागे चाललं आहे. बैलगाडीत बसलं की चाकांचा खडखडाट असतो, रेल्वेत तर विचारूच नका. इथं जाणं होतं आणि आवाज नव्हता. फक्त शिडाची फडफड, दोरांची कुरकुर, आणि नावेच्या पोटाशी पाण्याची चुळूक चुळूक.

डोक्यावरच्या पदराने मला फार छळलं. तांडेल सासऱ्यांच्या वयाचे, तेव्हा पदर हवाच. पण वारा तो राहू देईना. मी ओढायची, वारा उडवायचा. एकदा दोन्ही हात पिठात होते आणि पदर उडून थेट शिडाच्या दोरात अडकला. तांडेलांनी तो सोडवून माझ्या हाती दिला, दुसरीकडे पाहत म्हणाले, "वयनी, दर्यार वारोच सासरो. तेचा आयका." त्या दिवसापासून पदर कमरेला खोचला. उघड्या डोक्याला वारा लागतो म्हणजे काय, हे मला तेव्हा लहानपणानंतर पहिल्यांदा कळलं. केसांच्या मुळाशी थंड बोटं फिरावीत तसं.

वाळूने भरलेल्या एका पेटीत चूल होती. तिच्यावर मी भाकरी थापायची. नाव कलली की तवा घसरायचा, तो एका हाताने धरायचा. खलाशांनी ज्वारीची भाकर आयुष्यात खाल्ली नव्हती. पांडू नावाच्या खलाशाने तिच्यावर मिरचीचा ठेचा घेतला आणि तो डोळे पुसत बराच वेळ नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाशी, जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तोच पहिला हात पुढे करून बसला. पुढे पोत्यातलं पीठ संपलं, उरलेलं दमट होऊन कडवट झालं, आणि मग आम्हीही त्यांच्यासारखी सकाळी तांदळाची पेज प्यायला लागलो. काशाच्या वाटीतली गरम पेज, वर मिठाचा खडा, आणि समोर कोवळ्या उन्हातलं पाणी.

मचव्याचं काम सोपं होतं. मुंबईहून घेतलेले रॉकेलचे डबे, कापडाचे तागे, साखर लहान लहान बंदरांवर उतरवायची आणि तिथून नारळ, काथ्या, कोकम, भात भरून घ्यायचं. पहाटे डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, त्यावर निघायचं. दुपारी वारा फिरून समुद्राकडून येतो, त्यावर पुढे जायचं. संध्याकाळी एखाद्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकायचा. कुठं रस्ता नाही, गाडी नाही, आगबोट लांबून धूर सोडत निघून जाते, अशी ती गावं. एका खाडीत आम्ही चार दिवस अडकून पडलो, कारण घ्यायचा तो भात अजून झोडपायचाच होता. तिथल्या बायका मला पाहायला आल्या. ही बाई डोंगरापलीकडून, कापसाच्या मुलखातून आली म्हणून. त्यांनी कापसाचं झाड पाहिलेलं नव्हतं. मी त्यांना पऱ्हाटीची गोष्ट सांगितली. पहिली वेचणी करायच्या आधी शेतात दहीभात ठेवून पूजा करतात, तिला सीतादही म्हणतात, हे सांगितलं. एक म्हातारी लक्ष देऊन ऐकत होती. ती म्हणाली, "मगे आमच्या दर्याक नारळ देतंव, तसाच मां?" हो, तसंच, मी म्हटलं. त्या बायकांनी मला ओंजळभर सुकी बकुळीची फुलं दिली.

आणि आम्ही दोघं बोलायला लागलो.

दुपारी खलाशी शिडाच्या सावलीत आडवे व्हायचे, तांडेल सुकाणूशी डुलकी घेत घेत जागे असायचे, आणि आम्ही काथ्याच्या भेंडोळ्यांना टेकून बसायचो. आधी त्यांनाच सुचेना काय बोलावं. मग बैलांबद्दल बोलले. सोनाळ्याच्या घरी लहानपणी त्यांचा एक बैल होता, तो फक्त त्यांच्या हाकेला यायचा. नदीपलीकडून हाक मारली तरी मान वर करायचा. मग म्हणाले, त्यांना नोकरी कधी करायचीच नव्हती. मी म्हटलं, मग केली काऊन? म्हणाले, "बाबाले आवडली म्हनून." मी माझ्या वडिलांच्या शाळेच्या गोष्टी सांगितल्या. ते मला इंदू म्हणायला लागले. सासरी माझं नाव कुणी घेत नसे. मी 'सून' होते, 'वहिनी' होते, आणि यांच्यासाठी 'अवं' होते. शिडाच्या सावलीत मी पुन्हा इंदू झाले. खोकला होताच. पण पूर्वी तासातासाने यायचा तो आता अर्धाअर्धा दिवस यायचा नाही, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नसू. चाहूल लागून जनावर परतावं तसा तो परत येईल अशी भीती वाटायची.

संक्रांतीच्या अलीकडे आम्ही मालवणला लागलो. तिथं टपाल होतं, आणि टपालात मामाजींची तार वाट पाहत होती. जिनातून निरोप आला होता: हंगाम जोरात आहे, लगेच हजर न झाल्यास जागेवर दुसरा माणूस घेऊ. निघून यावे.

हे धक्क्यावरून होडीने मचव्यावर आले. चेहरा जिनात जाताना असायचा तसा झाला होता.

"उद्या आगबोट हाय," ते म्हणाले. "सामान बांध."

"कोनाचं?"

"आपलं."

"तुमचं बांधलं समजा. मी नाही येनार."

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "म्हंजे?"

"म्हंजे तुम्ही जा. मी मचव्यावर बसीन. शिमग्याले तांडेलमामा मुंबईले आनून सोडतीन, तवा येईन."

"येडी झाली काय? लोकं काय म्हनतीन?"

"तुम्ही जिनात गेले तं मी घरी येऊन करू काय? तांब्या घेऊन उभी राहू? मले नाही जमत आता." माझा आवाज चढला होता. मचव्यावर लपायला जागा नसते. खलाशी दोर आवरायला लागले, आवरलेलेच. तांडेलांनी तोंड फिरवून समुद्र असा पाहायला घेतला की जणू कधी पाहिलाच नव्हता. "तुमाले उद्या काई झालं तं हेच लोकं मले काय म्हनतीन, ते नाही तुमाले दिसत?"

ते होडीत बसून पुन्हा बंदरावर गेले. संध्याकाळी आले, जेवले नाहीत. सकाळी ट्रंकेत एकट्याचेच कपडे भरून ती घेऊन गेले.

मी नाळेवर जाऊन बसले. बोलून तर बसले होते, पण हा माणूस खरंच गेला तर? परक्या पुरुषांच्या नावेवर, परक्या मुलखात मी एकटी. आणि हे तिकडं एकटे. पाण्याचा तांब्या द्यायला कोण, हा सासूबाईंचा प्रश्न माझ्यासमोर येऊन उभा राहिला. जावं का? अजून होडी होती. तांडेल जवळ आले आणि बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "वयनीनु, सोडू होडी? सांगलात तर सोडतंय." मी मान हलवली. नाही म्हणाले की हो म्हणाले, ते त्यांनाही कळलं नसावं. ते तसेच उभे राहिले.

आगबोट आली. लांबच उभी राहिली, माणसांनी भरलेल्या होड्या तिच्याकडे गेल्या. यांना मी ओळखू शकत नव्हते. फेटेच फेटे दिसत होते. मग शिटी झाली, काळा धूर झाला, आणि ती निघाली. ती लहान लहान होत भूशिराआड गेली तरी मी पाहतच होते. मग पांडू म्हणाला, "इले."

एका होडीत ट्रंकेवर बसून हे येत होते.

वर आले, ट्रंक ठेवली, माझ्याकडे पाठ करून बसले. जिथं बसले तिथंच जेवले. आम्ही मालवण सोडलं, पुढची बंदरं घेतली, पण दोन दिवस त्यांच्या तोंडून शब्द नाही. खामगावच्या बिऱ्हाडातलं न बोलणं वेगळं, ते रीतीचं होतं. हे न बोलणं माझ्यासाठी होतं. मी पेज पुढे ठेवायची, ते प्यायचे. त्यांनी नोकरी सोडली होती, बापाचा शब्द मोडला होता, आणि कुणासाठी, तर बायकोच्या हट्टासाठी. मला त्यांचा राग कळत होता. पण मला पश्चात्ताप होत नव्हता, आणि तेही त्यांना कळत असावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं पडलं. आम्ही एका अरुंद खाडीतून बाहेर निघालो होतो आणि दोन्ही काठ दिसेनासे झाले. पाणी दिसेना. डोलकाठीचं वरचं टोक दिसेना. ओहोटीची ओढ आम्हाला बाहेर नेत होती आणि थांबता येत नव्हतं. एवढ्यात समोरून कुठूनतरी वल्ह्यांचा आवाज आला. कुणीतरी आत येत होतं, त्याच अरुंद वाटेने. अशा वेळी तांडेलाने ओरडून आपली जागा सांगायची असते. पण अंतू तांडेलांचा घसा सर्दीने पार बसला होता. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली. पांडू ओरडला, तो आवाज धुक्यात चार हातांवर जिरून गेला. वल्ही जवळ येत होती. तांडेल आमच्या यांच्याकडे वळले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मारा हाक! मोठ्यान!"

हे उभे राहिले. डोलकाठीला एक हात धरला, दुसरा तोंडाशी नेला, आणि त्यांनी हाक मारली.

"हो ऽऽऽ! ए हो ऽऽऽ!"

मी ती हाक पूर्वी कधी ऐकली नव्हती, पण ओळखली. रान ओलांडून, नदी ओलांडून जनावराला बोलावणारी सोनाळ्याची हाक होती ती. ती धुक्यातून आरपार गेली, काठावरच्या डोंगराला लागली आणि परत आली. एकदा, दोनदा, तीनदा. मग समोरून उत्तर आलं, घाबरलेलं, अगदी जवळून. मालाने भरलेला एक मोठा पडाव आमच्या डाव्या अंगाने इतक्या जवळून सरकत गेला की त्यावरच्या माणसाची विडी मला दिसली. दोन्हीकडच्या माणसांनी बांबू लावून नावा दूर सारल्या. तो धुक्यात गेला. सगळं शांत झालं.

आणि मग मचव्यावरचं प्रत्येक माणूस यांच्याकडे पाहत उभं राहिलं. मी तांब्या उचलला होता. एवढी ओरड, एवढी थंड ओली हवा, आता येणार. तेही वाट पाहत होते, एक हात छातीवर ठेवून, मान थोडी कलती करून, दारावर कुणाची थाप पडते का ते ऐकत असल्यासारखे.

धुकं हळूहळू पिवळं व्हायला लागलं. त्यांनी एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. माझ्याकडे वळले. दोन दिवसांनंतरचा पहिला शब्द.

"नाही आला," ते म्हणाले.

"नाही आला," मी म्हटलं, आणि तांब्यातलं पाणी मीच पिऊन टाकलं.

जिनातली जागा गेली. मामाजी पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत आणि यांच्याशी कामापुरतं बोलले. आम्ही खामगावचं बिऱ्हाड मोडून सोनाळ्याला गेलो, हे शेतीत उतरले. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून समिंदर पाहून आली, तवापासून तिले कोनाचं भ्याव नाही." त्यात तक्रार किती आणि कौतुक किती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मामाजींचा अबोला कसा सुटला तेही गमतीचंच. एका पावसाळ्यात बैल नाल्यापलीकडे राहिला, पाणी चढलं, आणि यांनी अलीकडून हाक मारून त्याला वरच्या उताराकडे वळवलं. मामाजी ओसरीवर होते. आत येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आवाज वापस आला त्याचा." बस, एवढंच. पण त्या दिवसापासून चहा माझ्याच हातचा मागायला लागले.

घर पुन्हा भरलेलं होतं. डोक्यावर पदर पुन्हा आला, आणि मी पुन्हा 'अवं' झाले. लोकांसमोर आम्ही समुद्राचं नाव काढत नसू. फक्त कधी पेरणीच्या दिवसांत भाकरी घेऊन शेतावर गेले, आजूबाजूला कुणी नसलं, तर ते तिफण थांबवून सूर्याकडे पाहत आणि म्हणत, "इंदू, आता तिकडं खाडीत भरती असंन." आणि मी म्हणे, "हाव, असंन."

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, आणि मी मुलाकडे पुन्हा खामगावला आले. म्हातारपणाने गेले, तापाचं निमित्त झालं. शेवटच्या आठवड्यात नातवाच्या वयाचा एक डॉक्टर आला होता. त्याने पाठीला, छातीला नळी लावली आणि मला धीर द्यावा म्हणून म्हणाला, "आजी, काळजी करू नका, आजोबांची छाती मात्र एकदम साफ आहे." मी एवढ्या मोठ्याने हसले की सुना धावत आल्या. त्यांना वाटलं, सासूबाईंचं डोकं फिरलं. खाटेवरून हेही हसत होते. त्या पोराला आम्ही काय सांगणार?

रुईच्या दिवसांत मला पुष्कळ काही आठवतं, पण सगळ्यात जास्त आठवतो तो त्या सफरीचा शेवटचा दिवस. शिमगा तोंडावर आला होता. आम्ही परतीच्या वाटेवर होतो, मचवा नारळांनी भरून पाण्यात खोल बसला होता. मुंबईचं बंदर समोर दिसायला लागलं, गिरण्यांच्या चिमण्या, उभ्या आगबोटी, आणि नेमका वारा पडला. शीड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं. समुद्र असा झाला की तेलाने भरलेली परात. खलाशी चिडले. घराच्या अंगणात येऊन पाय मोडावा तसं झालं होतं. तांडेल तोंडाने शीळ घालून वाऱ्याला बोलवत होते. पांडूने एक नारळ फोडून समुद्राला वाहिला, तरी पान हलेना.

आम्ही दोघं आमच्या जागी बसलो होतो. ऊन चढलं. कुणी भांडं आपटलं तर त्याचा आवाज पाण्यावरून लांबवर जात होता. मला ठाऊक होतं, धक्क्याला लागलं की पदर घ्यायचा, गाडी पकडायची, जलंबला बदलायची. त्यापुढे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. यांनी एका खलाशाकडून सुरी घेतली, एक शहाळं सोललं आणि माझ्या हातात दिलं. मी अर्धं पिऊन परत दिलं. ते प्यायले. मग पाण्याकडे पाहत, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले,

"इंदू, आज वारा नाही आला तं बरं होईन."

"हाव," मी म्हटलं.

सावली सरकली की आम्हीही सरकत होतो. एक पांढरा पक्षी येऊन डोलकाठीवर बसला आणि बराच वेळ बसून राहिला.

तिसऱ्या प्रहरी वारा आला.